भिंतीवरचा सात-बारा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे किल्ले आहेत, साखर कारखाने आहेत, हळद आहे, बेदाणा आहे, कंदी पेढा आहे, भडंग आहे. समुद्र तेवढा नाही. साताऱ्याचा तर तो थोडक्यात हुकला आहे. महाबळेश्वरच्या पश्चिमेकडच्या पॉइंटवर उभे राहिले आणि हवा स्वच्छ असली की अरबी समुद्र दिसतो असे गाईड सांगतो, आणि गाईडला पैसे दिलेले असल्यामुळे तो बहुतेकांना दिसतोही. कृष्णामाईने या बाबतीत कमालच केली. तिच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरवर आहे. पण तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि वाई, कऱ्हाड, सांगली अशी गावे घेत, सुमारे १४०० किलोमीटरची पायपीट करून आंध्रात जाऊन बंगालचा उपसागर गाठला. शेजारच्या समुद्राशी जिथे नदीनेच संबंध ठेवले नाहीत तिथे माणसांनी ते भिंतीवर ठेवावेत, हे काहींना खटकते. आणि माणसे तर ते ठेवू लागली आहेत. विश्रामबागेतला किंवा साताऱ्याच्या सदरबझारातला एखादा नवा फ्लॅट पाहा. पूर्वी सोफ्याच्या वरच्या भिंतीवर सात पांढरे घोडे पाण्यातून उधळत यायचे. ते कुठून येत आणि कुठे जात हे कोणी विचारत नसे, तोंड कोणत्या दिशेला एवढेच विचारत. आता इंटिरियरवाल्याने घोडे तबेल्यात घातले आणि त्या जागी काळ्यापांढऱ्या रंगातले एक किनाऱ्यावरचे गाव आणून टांगले. घरे एकमेकांच्या खांद्यावर रेललेली, चर्चचा मनोरा कलता, होड्यांच्या डोलकाठ्या आगपेटी सांडल्यासारख्या, आणि आभाळ तर कोणी तरी खिळ्याने ओरबाडलेले. भोवती चार बोटांचा पांढरा माउंट, त्याला सडपातळ काळी फ्रेम. हे काय आहे म्हणून विचारले तर घरमालक जरा दबक्या आवाजात सांगतात, ‘फाइन आर्ट प्रिंट आहे. एक्स्प्रेशनिस्ट एचिंगची.’

पाहुणे मग चहा येईपर्यंत त्या चित्राकडे बघतात. ‘कुठलं गाव म्हणायचं हे?’ हा पहिला प्रश्न. पाटणकडचे कोणी वयस्कर असतील तर दुसरा प्रश्न येतो, ‘भूकंपानंतरचं आहे का?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यातली घरे या चित्रापेक्षाही वाकडी झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी वाकड्या घराचे कारण विचारणारच. तिसरा प्रश्न किमतीचा. तो कोणी थेट विचारत नाही, ‘इकडं मिळतं का हे, का पुण्यास्नं आणलं?’ असा वळसा घालून विचारतात. उत्तर ऐकून पाहुणे चहात बिस्कीट जरा जास्त वेळ बुडवतात. परत जाताना जिन्यात आपापसांत बोलतात ते असे, की पैसा झाला म्हणजे माणसाला असले काही तरी सुचते. माझे म्हणणे याच्या बरोबर उलट आहे. हे वाकडे किनारी गाव भिंतीवर लावण्याचा हक्क उभ्या महाराष्ट्रात सातारा-सांगलीकरांइतका दुसऱ्या कोणाचा नाही. अट एकच. आपण नेमके काय लावले आहे आणि त्याचे किती मोजायचे असतात, हे त्यांना कळले पाहिजे. आणि ते कळण्याची सगळी सामग्री त्यांच्याकडे आयतीच आहे.

सुरुवात धातूपासून करू. एचिंग म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर चढवायचा, सुईने त्या थरात चित्र काढायचे. सुई जिथे फिरली तिथला धातू उघडा पडतो. मग पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल मेणाला काही करीत नाही, उघड्या रेघेला मात्र खात जाते. जास्त वेळ ठेवले तर रेघ खोल आणि काळीभोर होते, लवकर काढले तर फिकी राहते. मेण पुसून पत्र्याला शाई लावायची, वरची पुसून काढायची, रेघांत राहिलेली राहू द्यायची. त्यावर ओलसर कागद ठेवून रुळाच्या दाबयंत्रातून काढला की चित्र कागदावर उतरते. आता यातले आम्ल म्हणजे पुष्कळदा नायट्रिकच असते, आणि नायट्रिक आम्ल, धातू आणि त्यातून उठणारा तपकिरी धूर या त्रिकुटाशी जन्माचे नाते असलेली माणसे भारतात कुठली, तर विटा, खानापूर, आटपाडीकडची. गलाईवाले. जुने दागिने आणि मोड तेजाबात टाकून सोने वेगळे आणि चांदी वेगळी करायची, विरघळलेली चांदी परत खाली बसवण्यासाठी त्याच पाण्यात तांबे सोडायचे, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. जर्मनीतल्या एक्स्प्रेशनिस्ट चित्रकाराला आम्ल तांब्याला किती मिनिटांत किती खाते याचा अंदाज यायला उमेदवारी करावी लागली असेल. विट्याच्या पोराला तो मिसरूड फुटण्याआधी आलेला असतो. त्याला चित्र काढायचे कोणी सुचवले नाही, एवढाच काय तो फरक. आणि ज्यांना तेजाबाचा वास नको वाटतो त्यांनी भांड्यांच्या दुकानात जावे. लग्नात द्यायच्या घागरीवर, कळशीवर नाव घालणारा कारागीर पाच मिनिटांत ‘सप्रेम भेट’पासून गावाच्या पत्त्यापर्यंत सगळे धातूवर रेघेने उठवून देतो. त्याला आपण मजुरी देतो, चित्रकलेविषयी मात्र पुण्याच्या गॅलरीत जाऊन विचारतो.

याच पद्धतीत एक गंमत आहे, तिचा कृष्णाकाठच्या माणसाला विशेष उमज पडावा. पत्र्यावर जसे काढावे त्याच्या उलटे कागदावर उतरते, उजवे डावे होते. समजा एखाद्या उत्साही माणसाने मालवणच्या किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून बसून समोर दिसते तसे थेट पत्र्यावर काढले, तर डाव्या हाताचा समुद्र कागदावर उजवीकडे जातो. म्हणजे मालवणचे बंदर पूर्व किनाऱ्यावर निघते. कृष्णेला जे करायला १४०० किलोमीटर चालावे लागले, ते एचिंगच्या यंत्रात रुळाच्या एका फेरीत होते.

आता कागदाचा प्रश्न, आणि इथे सातारा-सांगलीकर जगात कोणाला हार जाणार नाही. हाताने काढलेल्या एचिंगच्या प्रती मोजक्याच असतात, आणि प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने आकडा घातलेला असतो. वर प्रतीचा क्रमांक, खाली एकूण प्रती, मध्ये तिरकी रेघ, आणि उजवीकडे चित्रकाराची सही. चित्रकाराने बाराच प्रती काढल्या असतील आणि तुमच्याकडे त्यातली सातवी आली असेल, तर तुमच्या हॉलमध्ये चक्क ७/१२ लागलेला असतो. ज्या माणसाने आयुष्याचा काही भाग सात-बाऱ्यासाठी तलाठ्याच्या कचेरीत घालवला आहे, त्याला या विद्येत नवे शिकण्यासारखे जवळजवळ काही नाही. उतारा म्हणजे मूळ दप्तर नव्हे, हे त्याला माहीत असते. पण सही-शिक्क्याचा उतारा म्हणजे कोऱ्या कागदाचा तुकडाही नव्हे, कारण त्यावर कर्ज मिळते, जमीन विकली जाते आणि भावाभावांत बोलणे बंद होते. त्या उताऱ्याची झेरॉक्स म्हणजे मात्र झेरॉक्सच. ती फाइलला लावायला ठीक, बँकेत साहेब विचारतो, ‘ओरिजिनल कुठाय?’ आता एचिंग याच क्रमाने लावून पाहा. तांब्याचा पत्रा म्हणजे दप्तर. हाताने काढलेली, आकडा आणि सही असलेली प्रत म्हणजे उतारा. प्रती काढून झाल्या की कित्येक चित्रकार पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात, म्हणजे आपल्याकडे जुन्या नावाला कंस होतो तसा कंस होतो. आणि फाइन आर्ट प्रिंट म्हणून जे विकले जाते ते बहुधा त्या उताऱ्याचा स्कॅन काढून, सुती कागदावर, टिकाऊ शाईने, भारी इंकजेट यंत्रावर काढलेली झेरॉक्स. फार सुंदर झेरॉक्स असते, यात वाद नाही. कागद जाडजूड, काळा रंग खोल, उन्हात लवकर उडणार नाही अशी शाई. पण बँकेचा साहेब तिला काय म्हणेल, हे जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला कळते.

यावर विक्रेत्याचे म्हणणे असे की, ही साधी प्रिंट नाही, ‘लिमिटेड एडिशन’ आहे, दीडशेच काढल्या आहेत, सोबत प्रमाणपत्रही आहे. याचा जरा सावकाश विचार करायला हवा. तांब्याच्या पत्र्याच्या प्रती मर्यादित असतात याला सबळ कारण आहे. दर वेळी रुळाखालून जाताना पत्रा झिजतो, रेघांच्या कडा बोथट होतात, पुढच्या प्रती मचूळ निघू लागतात. म्हणजे तिथे मर्यादा धातूने घातलेली असते. संगणकातली फाइल मात्र झिजत नाही. दीडशेव्या प्रतीनंतर ती पहिलीइतकीच टवटवीत असते. तेव्हा तिथली मर्यादा हा निव्वळ विक्रेत्याचा संयम, आणि व्यापाऱ्याच्या संयमावर किती भरवसा ठेवायचा हे ज्या सांगलीने हळदीच्या बाजाराचे इतके चढउतार पाहिले तिने ठरवावे. प्रमाणपत्राची गोष्ट आणखी वेगळी. त्यावर लिहिलेले असते की ही प्रत अस्सल आहे. अस्सल काय, तर प्रत. यात खोटे काहीच नाही. डिजिटल सहीचा सात-बारा सरकार पंधरा रुपयांत देते आणि तो कायद्याने चालतो. विक्रेत्याचा ७/१५० काही हजारांत मिळतो आणि तो फक्त पाहुण्यांसमोर चालतो.

इथे एक चोखंदळ वाचक उसळून म्हणेल, की मग प्रत लावूच नये, लावायचे तर मूळ चित्र लावावे, नाही तर भिंत मोकळी सोडावी. हा सल्ला ऐकायला बाणेदार आहे, पण तो आपल्या घरांना कधीच लागू नव्हता. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि शकुंतलेच्या जन्मापासून सुरुवात करून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या. ज्यांच्या ओटीवर त्या पोचल्या त्यांतल्या एकाने तरी ‘ही मूळ लक्ष्मी नाही’ म्हणून नमस्कार करायचा टाळला का? उलट छापील लक्ष्मीपुढे केलेल्या प्रार्थना तितक्याच फळल्या किंवा फळल्या नाहीत. पुढे कॅलेंडरांनी हेच काम केले, आणि सोसायटीने, खतवाल्याने, सराफाने फुकट वाटलेले गणपती वर्ष संपल्यावरही तारखा कापून फ्रेम झाले. प्रतीला नाक मुरडणे हे आपल्याकडचे नाहीच. आणि एचिंगच्या बाबतीत तर ते अगदीच चुकीचे, कारण तैलचित्राची प्रत ही नंतरची उपज असते, पण एचिंग जन्मालाच येते प्रती निघाव्यात म्हणून. पत्रा कोणी भिंतीवर लावत नाही. त्यामुळे झेरॉक्स लावणाऱ्याला हसू नये. झेरॉक्सला उताऱ्याचा भाव देणाऱ्याला हसावे, आणि तेही हळू.

प्रतीची भानगड मिटली तरी पाहुण्यांच्या मनातली खरी अडचण राहतेच, ती म्हणजे घरे वाकडी का? सरळ काढता येत नव्हती का? या बाबतीत इतिहास फार खट्याळ आहे. जर्मनीत ड्रेस्डेन शहरी ७ जून १९०५ रोजी चार पोरांनी मिळून ‘ब्रुके’ नावाचा जो कंपू काढला आणि ज्याच्यापासून एक्स्प्रेशनिझमची मोठी धार सुटली, ते चौघे चित्रकलेचे विद्यार्थी नव्हतेच. ते वास्तुकला शिकत होते. किर्शनर, हेकेल, श्मिट-रोट्लुफ आणि ब्लायल. म्हणजे घर ओळंब्यात कसे आणायचे हे ज्यांना शिकवले गेले, त्यांनीच ते ओळंब्याबाहेर काढले. ओळंबा माहीत नसलेला माणूस घर वाकडे काढतो ती चूक असते, आणि अशी घरे आपल्याकडे काँक्रीटमध्येही आढळतात. ओळंबा शिकलेला माणूस वाकडे काढतो तेव्हा त्याला काही सांगायचे असते. वादळाच्या रात्री किनाऱ्यावरच्या गावात राहणाऱ्याला ते कसे वाटते हे त्याला काढायचे असते, ते गाव पंचायतीच्या नकाशात कसे दिसते हे नाही. त्यांच्याशी थोडे दिवस संधान बांधलेला एमिल नोल्डे १९१० साली हॅम्बुर्गच्या बंदरात जाऊन राहिला आणि तिथल्या आगबोटी, धूर, धक्के याच आम्लाने पत्र्यावर उतरवून बसला. त्याच्या एचिंगमध्ये पाणी कुठे संपते आणि धूर कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. पण हॅम्बुर्ग बंदराचा कोळसा नाकात गेल्यासारखा वाटतो, हे तितकेच खरे.

आणि आता ती गोष्ट, जी पाहुण्यांना सांगितली तर चहाचा दुसरा कप मागतील. ड्रेस्डेन समुद्रावर नाही. ते सांगलीसारखेच नदीकाठचे शहर आहे, एल्ब नदीचे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. ही पोरे उन्हाळ्यात बिऱ्हाड उचलून डांगास्टसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला जायची आणि परत येऊन समुद्र काढायची. म्हणजे जो वाकडा समुद्र आज आपण विकत घेतो तो मुळातच नदीकाठच्या माणसाने पाहिलेला समुद्र आहे, सुट्टी काढून गुहागर-गणपतीपुळ्याला जाऊन आलेल्या माणसाने काढावा तसा. रोज समुद्र पाहणाऱ्याला तो असा दिसत नाही, त्याला मासळीचा भाव दिसतो. नात्याचा पुरावा आणखी हवा असेल तर तोही आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बेला महापूर आला आणि ड्रेस्डेनमध्ये पाणी ९ मीटर ४० सेंटीमीटरवर पोचले. जगभर हाहाकार झाला. सांगलीकराने हा आकडा फुटांत करून पाहिला तर तो ३१ फुटांच्या आतच भरतो, आणि आयर्विन पुलाजवळ ३१ फूट म्हणजे अजून इशारा पातळीसुद्धा नाही. ती ४० वर, धोका ४५ वर. मोजपट्टीचा शून्य जागोजागी वेगळा असतो हे मान्य, आणि महापुराची चेष्टा करू नये हेही मान्य. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा काय काय गेले ते ज्यांचे गेले त्यांनाच माहीत. पण त्या दिवसांत गावभागातल्या ज्या माणसाने माळ्यावर बसून रस्त्यात होड्या पाहिल्या, पाण्यात उलटी हलणारी समोरची इमारत पाहिली, त्याला एक्स्प्रेशनिस्ट एचिंग समजावून सांगायची काय गरज आहे? घरे पाण्यात वाकडीच दिसतात. दर पावसाळ्यात सकाळी उठून ‘किती फूट?’ विचारणारे शहर हे वर्षातून काही दिवस किनाऱ्यावरचेच शहर असते. फरक इतकाच की कोकणातला समुद्र आपल्या जागेवर थांबतो आणि माणसे त्याला भेटायला जातात.

‘असले वाकडे-तिकडे आपल्या भागाला नवीन आहे, हे शहरी खूळ’ असाही एक आक्षेप असतो. त्याचे उत्तर खटाव तालुक्यात, औंधला, यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत उभे आहे. १९३७ च्या जुलैत म्युनिकमध्ये नाझी सरकारने वाकड्या चित्रांचे एक प्रदर्शन भरवले, हेतू हा की लोकांनी यावे आणि हसावे. किर्शनर, नोल्डे सगळे त्यात टांगले होते. नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता, तरी त्याची हजारावर चित्रे संग्रहालयांतून काढून नेली. सभासदत्वाची पावती कामी आली नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३८ साली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे केले. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला आणि स्वतः कुंचला चालवणारा हा राजा. संस्थान एवढेसे, पण तिथे रविवर्म्यांची तैलचित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, आणि त्याच छपराखाली हेन्री मूरचे आई आणि मुलाचे दगडी शिल्प आहे. मूरने माणसाची जी मोडतोड केली आहे तिच्यापुढे आपल्या हॉलमधली घरे अगदी टाऊन प्लॅनिंगमध्ये पास होतील. यमाईच्या दर्शनाला आलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या नारळ-कुंकवाच्या पिशव्या हातात घेऊन त्या शिल्पासमोरून गेली आहेत आणि कोणालाही झीट आलेली नाही. तेव्हा शहरी खूळ वगैरे काही नाही. खटाव तालुका या बाबतीत म्युनिकपेक्षा शहाणा निघाला, हे नोंदवायला हरकत नाही.

रंगाविषयी बोलायचे तर, ‘समुद्र घ्यायचाच तर निळा घ्या, हे काळे कशाला, घरात शुभकार्य आहे’ हा आजींचा मुद्दा. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण आजींना हरवून कोणी घरात सुखाने राहत नाही. पण एक दाखला त्यांच्यापुढे ठेवता येईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईला जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले. पुढे ध्यानात आले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगकाम सुटले, ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले, आणि त्या रेघांतून पुढे नांगर, चरक, पंप आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. नुसत्या रेघेत केवढे बळ असते याचा याहून मोठा पुरावा या जिल्ह्याला कोणी देऊ शकणार नाही. रंगांनी दगा दिला तेव्हा रेघेने अख्खा कारखाना दिला.

राहिला ‘समुद्राशी आपला काय संबंध’ हा मुद्दा. संबंध इतका आहे की लपवणे कठीण. १७१४ साली कान्होजी आंग्र्यांनी शाहू महाराजांशी जुळवून घेतले तेव्हापासून कोकणकिनाऱ्याचे आरमार साताऱ्याच्या गादीच्या नावाने चालू लागले. ज्या गावात ओंजळभर खारे पाणी नाही त्या गावाचा शिक्का समुद्रावर चालत होता. सांगलीचे पटवर्धन मूळचे रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे, म्हणजे सांगलीची गादीच घाट चढून आलेली. आणि आजचे म्हणाल तर कोची, कालिकत, चेन्नई अशा बंदरांच्या सराफकट्ट्यात गलाईची भट्टी कोण चालवतो? खानापूर तालुक्यातला माणूस. त्याची पोरे तिथल्या शाळेत मल्याळम, तमीळ शिकतात आणि यात्रेला गावी आली की वांग्याच्या भाजीवर तुटून पडतात. म्हणजे किनाऱ्यावरचे गाव, तांबे आणि तेजाब या तिन्ही गोष्टी एका माणसात एकत्र सापडायच्या असतील तर तो माणूस विट्याचा असण्याचाच संभव जास्त.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. परक्याचे वाकडे गाव लावायचे, मग आपले का नाही? मेणवलीचा घाट आहे, माहुलीचा संगम आहे, सांगलीचा पूल आहे. गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांनी जाड काळ्या रेघांत जी घरे रचली त्यांना जगभर मान मिळाला, आणि १९४५ साली त्यांना जे. जे.मधून काढून टाकले गेले होते हे आता कौतुकाने सांगितले जाते. आपल्या गावांना असे काढले तर? इथे मला सातारा-सांगलीकरांची बाजू सोडावी लागते. म्युनिसिपालिटीने रस्ता वाकडा काढला तर आपण तीस वर्षे सहन करतो, पण कोणी आयर्विन पूल जरा वाकडा काढला तर ‘आमची सांगली अशी नाही’ म्हणून निवेदन घेऊन जाऊ. जर्मनीतले गाव वाकडे चालते, कारण तिथे आपले कोणी राहत नाही. हा हट्ट सुटल्याशिवाय आपल्या भिंतीवर आपले गाव येणार नाही, आणि तोवर घाटांची ती कॅलेंडरवाली गुळगुळीत रंगीत छायाचित्रेच येत राहतील.

तेव्हा चित्र जरूर घ्या, वाकडेच घ्या. पण दुकानात जाताना सराफाकडचे भिंग मागून घेऊन जा आणि फ्रेम घालण्याआधी कागद उघडा दाखवायला सांगा. खऱ्या एचिंगची शाई कागदावर किंचित उभी राहिलेली असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट उमटलेली असते. परवानगी घेऊन बोट फिरवले तर ती लागते. खाली आकडा आणि सही पेन्सिलीची हवी. हे सगळे असेल तर उताऱ्याचे पैसे द्या आणि घासाघीस करू नका, कारण पुढची प्रत निघायची नाही. भिंगातून बारीक ठिपके दिसले, आणि आकड्याबरोबर सहीही छापीलच निघाली, तर ती झेरॉक्स आहे. आवडली असेल तर बेलाशक घ्या, मात्र पोस्टरच्या भावाने घ्या, आणि उरलेल्या पैशांत घरच्यांना औंधला नेऊन मूर दाखवून आणा.